जाड कार्डवर छापताना काना मधेच तुटतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी घरून लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका छापून देतो, प्रिंटर इंक टँकवाला आहे, पिझो हेडचा (हेड म्हणजे शाईचे थेंब सोडणारा भाग). साध्या ७५ जीएसएम (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) कागदावर अक्षरं एकदम स्वच्छ येतात, पण तोच मजकूर ३०० जीएसएमच्या कार्डावर घेतला की मोठ्या टायपातला काना मधोमध तुटतो, म्हणजे वरचा अर्धा एका जागी आणि खालचा अर्धा केसभर बाजूला. वरचं ‘श्री’ मोठं असतं त्यात तर लगेच डोळ्याला खुपतं. शिरोरेषा मात्र सरळ आहे, कुठे खंड नाही. नोझल चेकमधे, म्हणजे शाईची बारीक छिद्रं तपासायच्या छपाईत, सगळ्या रेघा पूर्ण येतात, हेड क्लीनिंग केलं त्यात नुसती शाई गेली. पत्रिका लोक जपून ठेवतात हो, असं काम हातात द्यायला जीव होत नाही. थेंब कुठे पडतोय हे प्रिंटरला कळतं कसं, आणि कार्ड बदललं की त्याचा अंदाज का चुकतो?

प्रतिसाद १:
हेड चांगलं आहे, क्लीनिंग थांबवा आधी. थेंब कुठे पडला हे छापताना प्रिंटर बघत नाही, त्याला फक्त कॅरेज, म्हणजे हेड घेऊन इकडून तिकडे धावणारा भाग, कुठे आहे तेवढं कळतं. कॅरेजच्या मागे आडवी पारदर्शक पट्टी दिसेल, तिच्यावर अगदी बारीक उभ्या रेघा असतात, कॅरेजवरचा सेन्सर त्या मोजत जातो आणि त्या मोजणीवर थेंब कधी सोडायचा ते ठरतं. आता धावत्या एसटीतून चेंडू खाली सोडला तर तो गाडीच्या दिशेने पुढे जाऊन पडतो ना, तसंच थेंबाचं होतं, म्हणून प्रिंटर तो जरा आधीच सोडतो. किती आधी हे हेड आणि कागदातल्या अंतरावर ठरतं आणि ते अंतर असतं जेमतेम एखादा मिलिमीटर. तुमचं कार्ड साध्या कागदापेक्षा साधारण ०.३ मिमी जाड, म्हणजे थेंब लवकर पोचतो. समजा थेंबाचा वेग सेकंदाला ६ मीटर आणि कॅरेजचा १ मीटर, तर थेंब ०.०५ मिमी अलीकडेच पडला. जाताना एका बाजूला चूक, येताना उलट्या बाजूला, मिळून ०.१ मिमी. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके असताना, दोन ठिपक्यांत ०.०४२ मिमी अंतर असतं, म्हणजे दोन ठिपक्यांहून जास्त सरकलं, ते दिसणारच. मोठं अक्षर एका फेरीत मावत नाही, वरचा भाग जाताना छापला आणि खालचा येताना, तिथेच काना तुटतो.

मूळ प्रश्नकर्ता:
अच्छा!! पण मग शिरोरेषा कशी वाचते?

प्रतिसाद १:
ती आडवी आहे ना, थेंब आडवेच सरकले तर रेघ रेघेवरच पडते, फार तर टोकाला किंचित फरक. शिरोरेषेत पांढरी चीर दिसली असती तर मी नोझल चोंदलंय किंवा कागद पुढे सरकवणारा रोलर घसरतोय म्हटलं असतं.
आता असं करा, ड्रायव्हरमधे पेपर टाइप जाड कार्डाचा निवडा, हेड वर घ्यायची सोय असेल तर ती चालू करा आणि मग हेड अलाइनमेंट (जाता-येतानाचे थेंब जुळवायची सोय) त्याच कार्डावर घ्या, साध्या कागदावर घेऊन उपयोग नाही. घाईचं काम असेल तर बायडायरेक्शनल, म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा छापणं, बंद करा, काही ड्रायव्हरमधे त्याला हाय स्पीड म्हणतात. वेळ जास्त लागेल पण सगळे थेंब एकाच दिशेने जाताना पडतील, काना जुळेल.

प्रतिसाद २:
वरचं सगळं बरोबर, एवढंच सांगतो की साध्या कागदावरही काना नागमोडी यायला लागला तर ती पट्टी बघा, शाईचे बारीक तुषार बसतात तिच्यावर. प्रिंटर बंद करून, धागे न सोडणारं फडकं पाण्याने जेमतेम ओलं करून हलक्या हाताने पुसा, थिनर अजिबात नको, रेघा उडाल्या तर पट्टीच बदलावी लागते.

मूळ प्रश्नकर्ता:
बायडायरेक्शनल बंद करून एक कार्ड काढलं, ‘श्री’ जुळलं! आज रात्री याच कार्डावर अलाइनमेंट घेतो. पण अलाइनमेंट झाल्यावर परत साध्या कागदावर बिल छापायचं असेल तर ती पुन्हा घ्यावी लागेल का?

प्रतिसाद १:
बऱ्याच मॉडेलमधे अलाइनमेंटची एकच सेटिंग राहते, त्यामुळे साध्या कागदावर काना परत सरकू शकतो. पत्रिका सलग उरका, मग साध्या कागदावर एकदा घ्या.