उन्हाळा आणि घरचा कुत्रा : तुम्ही नेमकं काय करता?

कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. हे ध्यानात ठेवून आपापल्या गावच्या हवेत काय उपयोगी पडतं ते लिहा, मापांसकट.

अकोला
कूलरचा झोत पलंगाच्या उंचीवर जातो आणि कुत्रा फरशीवर झोपतो, म्हणून झडपा खाली वळवा. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. हवेला वाट नसली की खोली दमट होते आणि धाप थांबत नाही. लोखंडी कूलरचं अर्थिंग आधी तपासून घ्या, कारण गारव्यासाठी कुत्रा त्यालाच टेकून झोपतो आणि खाली पाणी सांडलेलं असतं. पाण्याला स्टीलच्या भांड्यापेक्षा मातीचं परळ चांगलं. १० किलोच्या कुत्र्याला एरवी अर्धा लिटर पुरतं, उन्हाळ्यात दुप्पट धरा.

ठाणे
आमच्याकडे पारा ३४-३५ च असतो, पण हवेत ओल. जिभेवरचं पाणी उडतच नाही, त्यामुळे कूलर कुचकामी. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्यांना दुपारी एसी २५-२६ वर हवाच. फिरवणं सकाळी सातच्या आत. संध्याकाळी ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू ७ सेकंद रस्त्यावर टेकवा. टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार.

पुणे
हस्की, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांचं अंग तासून काढू नका, ही कळकळीची विनंती. वरचे केस ऊन अडवतात. आतली मऊ लव दात्यांच्या फणीने दिवसाआड काढा, हवा कातडीपर्यंत पोचते. गोचीड याच दिवसांत वाढतात; कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात बघा.

नागपूर
उष्माघात ओळखायला शिका. धाप थांबत नाही, लाळ चिकट तार धरते, हिरड्या लालभडक होतात, चाल झोकांड्या खाते. गुदद्वारात व्हॅसलीन लावून डिजिटल थर्मामीटर घाला. एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०५ च्या पुढे जिवावरचं. आधी गार करा, मग दवाखाना. सावलीत घ्या, सबंध अंगावर पाणी ओता, पंखा लावा. मात्र दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका देणारं येतं, म्हणून दोन बादल्या सकाळीच घरात भरून ठेवाव्यात. ओला टॉवेल अंगावर घालून सोडू नका. तो दोन-चार मिनिटांत कोमट होतो आणि उष्णता आतच कोंडतो. १०३ वर आलं की पाणी थांबवा, नाहीतर अंग फार गार पडतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका, फुप्फुसात जातं. हा ताप नव्हे, पॅरासिटामॉल अजिबात नको. कुत्र्याला ते विषासारखं. उठून चालायला लागला तरी डॉक्टरांना दाखवाच. मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याला झालेली इजा पुढच्या दोन-तीन दिवसांत दिसते.

कोल्हापूर
बंद गाडीत दहा मिनिटंही नको. काच दोन बोटं खाली ठेवून काही फरक पडत नाही. आणि घट्ट मुसकी उन्हात बांधू नका, तोंड उघडलं नाही तर तो धापणार कसा?