मदत हवी आहे: गटात गणित दिलं की एकच जण सोडवतो

गणितवाली:
पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवते. चारचारचे गट केले. प्रत्येक गटात एकजण धडाधड लिहितो, बाकीचे उतरवून घेतात. काही तर तोंडच उघडत नाहीत. सोमवारी पुन्हा तास आहे. तत्त्वज्ञान नको, काय करू तेवढं सांगा.

खडूवाला:
वर्गात किती जण? बाक हलतात का? गट कोणी पाडले? मुख्य म्हणजे गणित कोणतं दिलंत?

गणितवाली:
साठ. बाक जमिनीला ठोकलेले. गट त्यांनीच पाडले. गणितं नेहमीचीच, लिमिटची.

खडूवाला:
नेहमीचं गणित एकट्याला दोन मिनिटांत सुटतं, मग तो थांबेल कशाला? चुकीची सिद्धता द्या. क्ष २ कडे जाताना क्षचा वर्ग ४ कडे जातो, आणि डेल्टा (क्ष २ च्या किती जवळ ठेवायचा ते अंतर) म्हणजे एप्सिलॉन (वर्गाचा ४ पासून चालेल तेवढा फरक) भागिले ५. दिसायला बरोबर. पण एप्सिलॉन १० घ्या, डेल्टा २ येतो, क्ष ३.९ ठेवला की फरक ११.२१, म्हणजे कोसळलं. चूक शोधून दुरुस्त करा म्हणावं (१ आणि एप्सिलॉन भागिले ५, यांतलं लहान ते घ्यायचं). गट चिठ्ठ्या टाकून पाडा, पुढच्या बाकावरचे दोघे मागे वळतील. गटाला पेन एकच. ज्याच्या हातात पेन, त्याने इतर सांगतील तेच लिहायचं.

जुनाजाणता:
गटबिट सगळं थोतांड. टेक्सास विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक आर. एल. मूर यांनी एकेकट्याला सिद्धता करायला लावल्या. पुस्तक बंद, आपसात चर्चा बंद. नामवंत गणिती घडले त्यातून.

तिरकीरेघ:
त्याच मूरनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वर्गात घ्यायला नकार दिला होता. या धाग्यावर बरं उदाहरण शोधलंत! त्यापेक्षा गणित शिकवणारे उरी ट्राइझमन बघा, कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ, १९७०चं दशक. कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनत करत होते, पण एकेकटे. चिनी वंशाचे एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासायचे. ते बघून ट्राइझमननी सोप्या उजळणीऐवजी अवघड गणितांच्या गट-कार्यशाळा काढल्या.

जुनाजाणता:
माणूस वेगळा, पद्धत वेगळी.

तिरकीरेघ:
वर्गात कोण बसणार हे पद्धतीतच येतं की हो.

पेनटॅब:
टॅबलेट घ्या, लिहिलेलं सगळं सेव्ह होतं. कोणता घ्यावा ते व्यक्तिगत निरोपात कळवतो.

गणितवाली:
टॅबलेट कोणी मागितला? बरं, एका मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, ती ऐकून करते. पेन तिच्याकडे आलं तर?

खडूवाला:
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! पेन हवं की नको, तिलाच विचारा. लिहिणाऱ्याने प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची. "हे इकडे नेलं, ते कटलं" चालणार नाही. "दोन्ही बाजूंना क्ष अधिक २ ने भागलं" असं पूर्ण बोलायचं. गणित तिला आदल्या दिवशी टाइप करून पाठवा. फोटो नको, त्यातलं समीकरण स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) सहसा वाचता येत नाही.

गणितवाली:
करून बघते. याला मार्क ठेवू का?

जुनाजाणता:
ठेवा, मग भांडणं सोडवत बसा.

खडूवाला:
मार्क नकोत. शेवटी चिठ्ठी काढून गटातल्या कोणालाही उभं करा.

तिरकीरेघ:
जो आधीच तोंड उघडत नाही, त्यालाच? उभं करू नका, बसल्या जागी गटाला विचारा.