कलेजीत ठिपका उमटला, मग जिवंत प्राण्यावर चाचणी कशासाठी?

प्रश्न (भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. माझा पदव्युत्तर प्रकल्प केंद्रित अल्ट्रासाउंडवर, म्हणजे ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून शरीरातली गाठ उष्णतेने नष्ट करण्याच्या पद्धतीवर आहे. घराजवळच्या मटणाच्या दुकानातून बकऱ्याची ताजी कलेजी आणून मी ती उकळून गार केलेल्या पाण्यात ट्रान्सड्यूसरसमोर (लहरी सोडणाऱ्या उपकरणासमोर) धरली. पाणी उकळले नाही तर त्यात विरघळलेल्या हवेचे बुडबुडे लहरी अडवतात. नंतर सुरीने कापली, तेव्हा गडद तांबड्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढा फिकट, घट्ट ठिपका दिसला आणि त्याच्या वरचा थर मात्र जसाच्या तसा होता. मला अतिशय आनंद झाला. परंतु मार्गदर्शकांनी विचारले, की कलेजीत हे साधते, तर प्राण्यांना त्रास कशासाठी द्यायचा? मला नीट उत्तर देता आले नाही.

उत्तर (पशुवैद्यक, कागल)

ताई, आपण पाहिलेला ठिपका खरा आहे, पण ती कलेजी थंड आणि स्थिर होती. जिवंत यकृतात रक्त सतत वाहते आणि मोठ्या शिरेलगतची उष्णता ते वाहून नेते, त्यामुळे पेशी मरण्यासाठी लागणारे सुमारे 56 अंश सेल्सिअस तापमान शिरेच्या कडेला गाठलेच जाईल असे नाही आणि गाठीचा तेवढा भाग जिवंत राहू शकतो. त्यातच प्रत्येक श्वासाबरोबर यकृत वरखाली सरकते, म्हणून प्राण्याला भूल देऊन, यंत्राने श्वास काही क्षण थांबवून मारा करावा लागतो. बरगड्या लहरी शोषतात आणि स्वतः तापतात. आतड्यातला वायू लहरी परतवतो. पोटावरचे केसही पूर्ण काढावे लागतात, कारण केसांत अडकलेल्या हवेमुळे त्वचा भाजते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मृत कलेजीतली जखम भरत नाही. शेजारच्या आतड्याला बसलेला चटका कधी कधी काही दिवसांनी छिद्र होऊन समोर येतो, आणि ते पाहण्यासाठी प्राणी जिवंत असावा लागतो. डुकराच्या यकृताचा आकार माणसाच्या यकृताच्या जवळ जाणारा असल्याने अशा चाचण्यांत डुक्कर पुष्कळदा वापरले जाते.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, शाहूपुरी)

डॉक्टरांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. 1942 मध्ये अमेरिकेत लिन आणि सहकाऱ्यांनी प्रथम गुरांच्या यकृताच्या तुकड्यात, आपल्यासारखेच, ठिपके उमटवले आणि मग प्राण्यांकडे वळले. 1950 च्या दशकात इलिनॉय येथे फ्राय बंधूंनी मांजर व माकडांच्या मेंदूवर काम केले, पण हाड लहरी शोषते म्हणून त्यांना कवटीचा भाग काढावा लागला. गर्भाशयातील फायब्रॉइडसाठी (कर्करोग नसलेल्या गाठींसाठी) अमेरिकेत या पद्धतीला मान्यता मिळाली ती 2004 मध्ये. उष्णतेऐवजी सूक्ष्म बुडबुड्यांच्या आघाताने पेशी फोडणारी, मिशिगन विद्यापीठात विकसित झालेली हिस्टोट्रिप्सी यकृताच्या गाठींसाठी 2023 मध्ये मान्य झाली. आपल्याकडे प्राण्यांवरील प्रयोगासाठी 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार नोंदणीकृत संस्था आणि प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. हे बंधन मला योग्यच वाटते.

उत्तर (श्वानपालक, गडहिंग्लज)

माझ्या 11 वर्षांच्या कुत्रीच्या यकृतात गाठ आहे. हा उपचार तिला मिळू शकेल का?

उत्तर (पशुवैद्यक, कागल)

दादा, आज आपल्या भागात हा उपचार मिळेल असे सांगून मी आपल्याला आशेला लावणार नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक येथे पाळीव कुत्र्यांच्या गाठींवर हिस्टोट्रिप्सी करून पाहिली गेली आणि नंतर ठरलेल्या शस्त्रक्रियेत काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली. त्यामुळे निरोगी प्राण्याला मुद्दाम इजा करावी लागली नाही आणि मालकाच्या संमतीने माहितीही मिळाली. तूर्त सोनोग्राफी करून गाठ एकाच भागात आहे का ते पाहून घ्यावे. तसे असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करता येईल.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी आभारी आहे. प्राण्यांकडे वळण्याआधी कलेजीच्या मोठ्या शिरेत नळी घालून, लहान पंपाने कोमट सलाईन फिरवत पुन्हा तोच मारा करणार आहे. शिरेच्या कडेचा ठिपका किती आक्रसतो, त्याचे मोजमाप इथे लिहीन.