साडेनऊ हजार मतं कमी पडली आणि चोवीस लाख मतं गेली: जर्मनीतली ५ टक्क्यांची अट बरोबर आहे का?

नेकरकाठ:
मंडळी, हा विषय डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे मांडतोय. २३ फेब्रुवारी २०२५ ला जर्मनीत बुंडेस्टागची, म्हणजे इथल्या लोकसभेची निवडणूक झाली. जर्मन नागरिकत्व घेतल्यावर माझं हे पहिलंच मतदान, आणि हौसेने मी मतदान केंद्रावर मदतनीस म्हणूनही नाव दिलं होतं. इथे मशीन नाहीत. २००५ च्या निवडणुकीत काही ठिकाणी वापरली होती, पण २००९ मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं की तांत्रिक ज्ञान नसलेल्या साध्या माणसालाही मोजणी तपासता आली पाहिजे, ती या मशीनमध्ये येत नाही, आणि विषय संपला. त्यामुळे सगळं कागदावर.

संध्याकाळी ६ ला मतदान बंद झालं, आम्ही शाळेच्या हॉलमधली टेबलं एकत्र ढकलली, पेटी त्यावर पालथी केली आणि घड्या उलगडायला बसलो. मतपत्रिका हातभर लांब, डावीकडे काळ्या शाईत पहिलं मत म्हणजे मतदारसंघातल्या उमेदवाराला, उजवीकडे निळ्यात दुसरं मत म्हणजे पक्षाला, आणि पार्लमेंटमध्ये कुणाच्या किती जागा हे त्या निळ्या मतावरच ठरतं. दोन्ही मतं एकाच पक्षाला असतील ते गठ्ठे वेगळे, वेगवेगळ्या पक्षांना असतील ते वेगळे, शंका असलेले बाजूला. एका मतपत्रिकेवर फुली गोलात नव्हती, पक्षाच्या नावावरच मारलेली होती. त्या एका फुलीवर आम्ही पाच मिनिटं बोललो. मतदाराला काय म्हणायचंय ते स्पष्ट दिसतंय की नाही, सगळ्यांनी बघितलं, मत वैध धरलं, मागे तशी नोंद केली. मला खरंच भरून आलं होतं, एका माणसाच्या एका फुलीची एवढी काळजी!

आणि मग निकाल बघा. सीडीयू-सीएसयू (उजवीकडे झुकणारे जोडपक्ष) २८.५ टक्के, टोकाची उजवी एएफडी २०.८, एसपीडी (समाजवादी) १६.४, पर्यावरणवादी ग्रीन्स ११.६, डावा पक्ष डी लिंके ८.८. मतदान ८२.५ टक्के, पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणानंतरचं सगळ्यात जास्त. आता अट अशी की ५ टक्क्यांच्या आत राहिलेल्या पक्षाला जागाच मिळत नाहीत. पण झारा वागेनक्नेश्टच्या बीएसडब्ल्यूला ४.९८ टक्के, म्हणजे सुमारे २४ लाख ७० हजार मतं, ५ टक्क्यांना साडेनऊ हजारच्या आसपास कमी पडली, जागा शून्य. उद्योगधार्जिण्या एफडीपीला ४.३ टक्के, जागा शून्य. बाकीचे छोटे पक्ष धरले तर जवळपास १४ टक्के मतं कुठेच गेली नाहीत, साठ लाखांहून जास्त माणसं. स्पष्टच सांगतो, मी बीएसडब्ल्यूला मत दिलेलं नाही, युक्रेनबद्दलचं त्यांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. पण एका फुलीसाठी पाच मिनिटं थांबणाऱ्या देशाने साठ लाख लोकांना असं बाजूला ठेवावं हे मला पटत नाही. अट ३ टक्क्यांवर आणली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

सज्जनगड:
तुमची तळमळ पोचली, पण मी साफ विरुद्ध मताचा आहे. शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलंय त्यामुळे जरा लांबून सुरुवात करतो. वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे हिटलरच्या आधीच्या जर्मनीत, अशी अट नव्हती, डझनभरापेक्षा जास्त पक्ष पार्लमेंटमध्ये बसायचे, चौदा वर्षांत वीसेक मंत्रिमंडळं झाली आणि शेवटी काय झालं ते जगाने भोगलं. मान्य आहे की हिटलर फक्त त्यामुळे आला नाही, मंदी होती, बेकारी होती, पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाचा राग होता. पण रोज पडणाऱ्या सरकारांना लोक विटले होते हेही तेवढंच खरं. म्हणून १९४९ मध्ये राज्यवार आणि १९५३ पासून देशभरासाठी ५ टक्क्यांची अट आली. ती कुणाच्या द्वेषातून आलेली नाही, पोळलेल्या हाताने आणलेली आहे.

आता तुमच्याच निकालात बघा. ६३० जागांत बहुमताला ३१६ लागतात, सीडीयू-सीएसयू २०८ आणि एसपीडी १२० मिळून ३२८. बीएसडब्ल्यू आत आला असता तर या दोघांचं बहुमत गेलं असतं आणि तिसरा पक्ष शोधावा लागला असता. तीन पक्षांचं सरकार काय करतं ते तुम्ही नुकतंच बघितलंत, नोव्हेंबर २०२४ मध्ये तेव्हाचे चान्सलर म्हणजे सरकारप्रमुख शोल्झनी एफडीपीचे अर्थमंत्री लिंडनरना काढलं, डिसेंबरमध्ये विश्वासमत गेलं आणि सप्टेंबरची निवडणूक फेब्रुवारीत आली. शेजारी नेदरलँड्सला बघा, तिथे अट जवळपास नाहीच, २०२१ ला १७ पक्ष निवडून आले आणि सरकार बनायला २९९ दिवस लागले. तुम्हाला ते हवंय का?

मुळामुठा:
दोघांनाही एक विचारतो, आपल्याकडे काय होतं ते विसरलात का? २०१४ ला उत्तर प्रदेशात बसपाला जवळपास २० टक्के मतं होती आणि लोकसभेची एकही जागा नाही. २०१९ ला आपल्या महाराष्ट्रात वंचितला ७ टक्क्यांच्या आसपास मतं, स्वतःचा एकही खासदार नाही. ब्रिटनमध्ये २०२४ ला लेबरला ३३.७ टक्क्यांत ६५० पैकी ४११ जागा आणि रिफॉर्म पक्षाला १४ टक्क्यांत ५. त्यामानाने जर्मनी स्वर्ग आहे, २०.८ टक्केवाल्याला १५२ जागा म्हणजे जेवढी मतं साधारण तेवढंच वजन. ५ टक्के हा काय फार मोठा डोंगर नाहीये, मतदाराला आधीपासून माहीत असतं, काठावरच्या पक्षाला मत देताना त्याने विचार करावा.

नेकरकाठ:
मुळामुठा, आपल्याकडे जास्त अन्याय होतो म्हणून इथला कमी अन्याय चालवून घ्यायचा हे मला नाही पटत दादा. बसपाचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे.

आणि "आधीपासून माहीत असतं" म्हणता, काय माहीत असतं? २०२१ ला डी लिंकेला ४.९ टक्के मिळाले आणि जागा किती, ३९! कारण तीन मतदारसंघ थेट जिंकले तर ५ टक्क्यांची अट लागू होत नाही. २०२५ ला बीएसडब्ल्यूला त्याहून जास्त, ४.९८, आणि जागा शून्य. दुसरीकडे श्लेस्विग-होल्श्टाइनमधल्या डॅनिश आणि फ्रीझियन अल्पसंख्याकांच्या एसएसडब्ल्यूला अट माफ, त्यांना देशभरात ०.१५ टक्के मतं आणि एक खासदार. ती सवलत मला मान्यच आहे, अल्पसंख्याकांचा आवाज असायलाच हवा. पण याचा अर्थ ५ टक्के ही काही दगडावरची रेघ नाही, तिच्यात आधीच दारं ठेवलेली आहेत, मग साठ लाख लोकांसाठी एक दार ठेवायला काय हरकत आहे?

सज्जनगड, नेदरलँड्स म्हणता तर पोलंडही बघा. २०१५ ला तिथे डाव्या पक्षांनी आघाडी केली, आघाडीला ८ टक्क्यांची अट, त्यांना साडेसात पडले, सगळे बाहेर. त्याचा फायदा होऊन उजव्या पीआयएस पक्षाला ३७.६ टक्क्यांवर ४६० पैकी २३५ जागा म्हणजे एकट्याचं बहुमत मिळालं आणि त्यानंतर सरकारने तिथल्या न्यायालयांवर कसा ताबा मिळवला ते तुम्हीच तुमच्या वर्गात शिकवत असाल. म्हणजे अटीने लोकशाही वाचतेच असं नाही. आणि डेन्मार्कमध्ये अट २ टक्के आहे, तिथे कुठे रोज सरकार पडतंय?

एल्बेपार:
मी ड्रेस्डेनला राहते, बारा वर्षं झाली. इथून चित्र वेगळं दिसतं. आमच्या झाक्सन राज्यात एएफडीला ३७ टक्के मिळाले, जुन्या पूर्व जर्मनीतल्या पाचही राज्यांत तेच पहिले. आणि बीएसडब्ल्यूला देशभरात ५ च्या आत असले तरी इकडे नऊच्या आसपास होते. आमच्या मजल्यावरच्या आजी, आयुष्यभर कापड गिरणीत काम केलेल्या, त्यांनी बीएसडब्ल्यूला मत दिलं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या, हातात दुधाची पिशवी, मला म्हणाल्या की माझं मत पुन्हा पश्चिमवाल्यांनी फेकून दिलं, पुढच्या वेळी ज्यांना कुणी फेकू शकत नाही त्यांनाच देते. ते कोण हे मी विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती.

सज्जनगड सर, या अटीने टोकाचे लोक बाहेर राहतात असं म्हणतात ना? २०१३ ला एएफडी ४.७ टक्क्यांवर बाहेर राहिली. २०१७ ला १२.६. आता २०.८. कुठे राहिली बाहेर?

सज्जनगड:
एल्बेपार ताई, आजींचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण एएफडी वाढली ती अटीमुळे नाही. २०१५ चे निर्वासित, महागाई, पूर्वेत एकीकरणानंतर गेलेल्या नोकऱ्या, या सगळ्याचं ते फळ आहे. आणि ३ टक्क्यांचं गणित करून बघा, एफडीपी आणि बीएसडब्ल्यू दोघेही आत आले असते तर सीडीयू आणि एसपीडीला तिसरा पक्ष घेतल्याशिवाय सरकारच करता आलं नसतं. तीन पक्ष पुन्हा भांडणार आणि एएफडी बाहेर बसून सांगणार की बघा यांना जमत नाही. ६ मे २०२५ ला पार्लमेंटमध्ये चान्सलरची निवड झाली तेव्हा सीडीयूच्या मेर्त्सना पहिल्या फेरीत ३१० च मतं मिळाली, ३२८ चं बळ असून! युद्धानंतर असं कधीच झालं नव्हतं. दुसऱ्या फेरीत ३२५ मिळाली आणि निभावलं. दोन पक्षांत ही अवस्था.

मुळामुठा:
हे पहिल्या फेरीचं मला माहीत नव्हतं. गुप्त मतदान असतं का?

सज्जनगड:
हो, चान्सलरची निवड गुप्त मतदानानेच होते. कोण फुटलं ते आजवर बाहेर आलं नाही.

नेकरकाठ:
सर, फुटलेली ती मतं सरकारच्याच लोकांची होती, छोट्या पक्षांची नव्हती. आणि शोल्झ सरकारही ५ टक्क्यांची अट असतानाच पडलं, तेव्हा एफडीपी ११.५ टक्के घेऊन बसलेली होती.

अजून एक सांगतो, माझं गाव ट्युबिंगेन मतदारसंघात येतं. सभागृह ७३६ वरून ६३० वर आणायला २०२३ मध्ये कायदा बदलला, त्यात असं झालं की मतदारसंघात पहिला आलेला उमेदवारही पक्षाला निळ्या मतांवर मिळालेल्या जागांत बसत नसेल तर घरी. देशभरात असे २३ विजेते घरी गेले, आमचा सीडीयूचा उमेदवार त्यातलाच, आणि पक्षांच्या उमेदवार यादीतूनही आमच्याकडून कुणी गेलं नाही. म्हणजे आज बर्लिनमध्ये आमचा खासदारच नाही. लोक विचारतात काम असेल तर पत्र कुणाला लिहायचं, शेजारच्या मतदारसंघात?

सज्जनगड:
हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही, इथे मी तुमच्या बाजूने. सभागृह लहान करायचंच होतं तर मतदारसंघ कमी करून मोठे करायचे, जिंकलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही. पण ३ टक्क्यांना माझी ना ती ना.

एल्बेपार:
मग पर्यायी मताचं काय? इकडे बरीच वर्षं त्यावर बोलणं चालू आहे. अट ५ चीच ठेवा, पण मतदाराला निळ्या रकान्यात दुसरी पसंती लिहू द्या. पहिला पक्ष ५ च्या आत राहिला तर मत दुसऱ्याकडे जाईल. आजींचं मत फेकलं जाणार नाही आणि सरांचे छोटे पक्षही वाढणार नाहीत.

सज्जनगड:
याला माझा विरोध नाही. पक्ष बाहेर राहिला तरी मतदार आत राहतो, हे शिकवायलाही सोपं आहे. फक्त मोजणी अवघड होईल, आधीच हातभर मतपत्रिका आणि तुम्ही मंडळी रात्री उशिरापर्यंत बसता.

नेकरकाठ:
मी ३ टक्के सोडत नाहीये, पण पर्यायी मत उद्या आणलं तर आनंदाने घेईन. मोजणीचं म्हणाल तर मी त्या टेबलावर बसलोय म्हणून सांगतो, गठ्ठे आधीच पक्षवार लागलेले असतात, बाहेर राहिलेल्या पक्षांचे तेवढेच पुन्हा उघडून दुसऱ्या पसंतीने लावायचे. ते करायला देशाचा निकाल हातात हवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी परत जमावं लागेल. आमच्या केंद्रावर तास दीड तासाचं काम आहे, मी रजा टाकून येईन.