मदत हवी आहे : सिकलसेल जनजागृतीसाठी जुन्या धाटणीचा लोगो
राम राम मंडळी, आमची नंदुरबारकडची छोटी संस्था आहे, लग्नाआधी दोघांचीही सिकलसेल (आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार) तपासणी करा हे पाड्यापाड्यावर जाऊन सांगतो. आता लोगो, बॅनर, पत्रकं सगळं नव्याने करायचंय पण लूक जुना हवा, म्हणजे पेंटर लोक भिंतीवर हाताने रंगवायचे ना ती सावली दिलेली जाड अक्षरं, तसा. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण कसा वाचता न येणाऱ्यालाही कळायचा, तेवढं साधं चिन्ह पाहिजे. या आजारात रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते, तीच चिन्हात घ्यावी का? बघून भीती वाटायला नको, पेशंटला आधीच लोकांचं खूप ऐकावं लागतं. हेडिंगला यात्रा वन फॉन्ट छान दिसतोय, बारीक मजकुराला कोणता घेऊ? स्क्रीन प्रिंटिंग दोनच रंगात करायचंय, विटकरी लालसोबत काय उठून दिसेल? आणि धुळे-जळगावकडे कुणाच्या ओळखीत जुने बोर्ड पेंटर असतील तर प्लीज सांगा.