मदत हवी आहे: जुन्या पिकअपला मागे डबल चाकं बसवायची आहेत, ॲडॉप्टर की अख्खा एक्सल?

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबलाय, पण अर्धवट माहिती दिली की सल्लाही अर्धवट मिळतो म्हणून सगळंच लिहितो.

माझ्याकडे १९९४ ची फोर्ड एफ-२५० आहे, हेवी ड्युटी, फोर बाय फोर, ७.३ लिटर डिझेल. मूळचा हौदा केव्हाच काढला आणि वर सपाट प्लॅटफॉर्म बसवला कारण माझं काम मधमाश्यांच्या पेट्या वाहायचं. एका वेळी तीसेक पेट्या, भरलेली पेटी ४५-५० किलो, म्हणजे दीड टनाच्या आसपास माल आणि तोही उंच रचलेला. वळणावर गाडी झुलते, बाजूने वारा आला की मागचा भाग सरकल्यासारखा वाटतो, ते आजवर चालवून घेतलं.

पण मागच्या हंगामात रात्री मागचं उजवं टायर फुटलं. पेट्या रात्रीच हलवतो कारण माश्या तेव्हा घरात असतात. गाडी एकदम त्या बाजूला बसली, पट्टा सैल झाला आणि चार पेट्या खाली. अंधारात माश्या फारशा उडत नाहीत, चालतात, बुटातून पायावर चढतात, आणि तशात मी जॅक लावून चाक बदलत होतो. त्या चारातल्या दोन वसाहती वाचल्या नाहीत. तेव्हाच ठरवलं की मागे जोडचाकंच करायची, एक गेलं तर दुसरं निदान गाडी उभी तरी धरेल.

गाडी विकून तयार डबल चाकाची घे असं कुणी सांगेल, पण इंजिन, गिअरबॉक्स उत्तम आहेत आणि या गाडीचा बोल्ट न बोल्ट मला माहितीये.

मागचा एक्सल फोर्डचाच १०.२५ इंच क्राऊनवाला (क्राऊन म्हणजे डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक), फुल फ्लोटिंग. हबच्या (चाक ज्यावर बोल्ट होतं तो भाग) तोंडावरचे बोल्ट काढले की चाक जागेवर ठेवून शाफ्ट बाहेर येतो, वजन हबवर आणि शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. सेमी फ्लोटिंग (वजनही शाफ्टवरच येणारा) असता तर विचारलंच नसतं.

दोन रस्ते दिसतात. एक, आहे त्याच हबवर ॲडॉप्टर (हब आणि चाकाच्या मध्ये बसणारा जोडतुकडा) बोल्ट करून त्यावर डबल चाकाच्या रिम. दुसरा, एफ-३५० डबल चाकाचा अख्खा एक्सल. भंगारात एक मिळतोय, ड्रमसकट. विकणारा म्हणतो आरामात बसतो, पण तो पिकअपचा आहे की कॅब-चेसिसचा (कंपनीतून हौद्याशिवाय येणारी गाडी) हे त्यालाही माहीत नाही. तो माझ्या पाट्यांखाली (स्प्रिंगच्या पट्ट्यांखाली) बसेल हे कसं ओळखू? पुढच्या चाकांचं काय करायचं? आणि ॲडॉप्टरवर कुणी वर्षानुवर्षं खरंच माल वाहिलाय का? जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद १

पेट्यांचं वाचून वाईट वाटलं.

ॲडॉप्टर चालतात, मी हलक्या कामाला वापरलेत, पण तुमच्या कामाला मी अख्खा एक्सलच घेईन. ॲडॉप्टरमध्ये नटांचा एक थर वाढतो, आतले नट बघायचे तर चाकं उतरवावी लागतात, आणि ब्रेक तुमचे जुनेच राहतात. घेतलेच तर हबच्या गोलावर घट्ट बसणारे स्टीलचे घ्या, नुसत्या स्टडवर लटकणारे नकोत. आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, हे एक्सल बदललात तरी लागू आहे.

आता मापं. भंगारात टेप घेऊन जा. पाटे जिथे टेकतात त्या दोन बैठकींच्या मध्यापासून मध्यापर्यंत माप घ्या आणि तुमच्या गाडीशी जुळवा. मग हबच्या तोंडापासून तोंडापर्यंत एकूण रुंदी. कॅब-चेसिसचा एक्सल पिकअपच्या डबल चाकाच्या एक्सलपेक्षा अरुंद असतो, तो घातलात तर आतलं टायर पाट्याला नाहीतर चेसिसला घासेल. बैठक वेल्डिंग करून सरकवता येते पण मग पिनियनचा (क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर) कोन पण जुळवावा लागतो, नाहीतर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) लवकर जातात.

आणखी एक, तुमच्या सालाच्या गाडीत स्पीडोमीटर आणि मागचा एबीएस दोन्ही डिफरन्शियलवरच्या सेन्सरवरून चालतात. एक्सल जास्त जुना असेल तर त्याला ती सोयच नसेल. वरच्या बाजूला सेन्सरची जागा आहे का बघा, मगच सौदा करा.

प्रतिसाद २

रिम घेताना सांभाळा. तुमच्या गाडीला आठ बोल्ट, साडेसहा इंचाच्या वर्तुळावर, म्हणजे १६५.१ मिमी. १९९९ च्या सुपर ड्युटीपासून फोर्डने तेच १७० मिमी केलं. फरक पाच मिमीचासुद्धा नाही, लांबून सारखंच दिसतं, आणि लोक ठोकून बसवायला जातात. अजिबात करू नका, स्टड तुटतात.

टायरचा हिशोब बघा. २३५/८५ आर १६, लोड रेंज ई (वजन पेलायची श्रेणी), ८० पीएसआय हवेला एकटं असताना १३८० किलो घेतं, जोडीत १२६०. जोडीत क्षमता कमी धरतात. २१५/८५ आर १६ घेतलं तर जोडीत ११२०, चार मिळून ४४८०, तुमच्या आत्ताच्या दोनाचे २७६० असतील. पण म्हणून माल वाढवू नका हो, पाटे, चेसिस, ब्रेक तेच आहेत आणि गाडीच्या प्लेटवरचं एकूण वजन टायर बदलून बदलत नाही. अरुंद टायरचा फायदा असा की दोन टायरच्या मध्ये फट राहते. माल भरल्यावर टायरचं पोट खाली फुगतं, फट तेव्हा बघायची, रिकाम्या गाडीवर नाही.

जोडीतली दोन्ही टायर व्यासात ६ मिमीच्या आत सारखी हवीत, नाहीतर मोठं टायर जास्तीचं वजन घेतं आणि तापतं. आतल्या चाकाला व्हॉल्व्हची लांब नळी लावून घ्या, हवा रोज तपासा, आतलं बसलेलं बाहेरून कळतच नाही. आणि एक फुटलं तर दुसऱ्यावर घरी जायचं नाही, सुरक्षित जागा मिळेपर्यंतच.

पुढे तुमच्या आत्ताच्याच रिम ठेवा, फक्त स्टेपनी दोन लागतील. डबल चाकाच्या रिम पुढेही हव्या असतील तर तिथे ॲडॉप्टर लागतोच, नाहीतर चाक आत जाऊन अडकतं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार, सेन्सरचं तर डोक्यातच आलं नव्हतं. काल टेप घेऊन गेलो. बैठकींचं माप माझ्या गाडीशी तंतोतंत जुळलं, रुंदीही पिकअपचीच वाटते, सेन्सर जागेवर आहे. पण एका बाजूचं हब अडकवून दुसरं पूर्ण दोनदा फिरवलं तर पिनियन साडेतीन फेऱ्यांच्या जरा पुढे गेली, म्हणजे रेशो ३.५५ (एक हब अडकवलं की दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांना क्राऊनची एकच होते). माझ्या गाडीला पुढेमागे ४.१० आहे. पेट्या शेतात चिखलात उतरवायच्या असतात, फोर बाय फोरशिवाय माझं चालतच नाही आणि पुढेमागे वेगळा रेशो ठेवून ते लावणं म्हणजे ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) वाट.

माझ्या जुन्या हाऊसिंगमधली (एक्सलचं बाहेरचं कवच) ४.१० ची क्राऊन-पिनियन चांगली आहे, आवाज नाही. तीच काढून यात बसवावी असा विचार आहे. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि पिनियनचं प्रीलोड (बेअरिंगवरचा ताण) लावणारा माणूस मिळेल, पण वापरलेली जोडी दुसऱ्या हाऊसिंगमध्ये घातल्यावर आवाज धरते का, की नवीनच घ्यावी? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, एक्सल आठवडाभर राखून ठेवायला सांगितलाय.