मदत हवी आहे: नैराश्याचं प्रशिक्षण व्याख्यानापुरतं राहू नये म्हणून काय करता?

नमस्कार मंडळी,

प्राथमिक आरोग्यसेवेतल्या डॉक्टर आणि नर्सना नैराश्य ओळखायला आणि त्यावर उपचार करायला शिकवायचं काम आमच्या छोट्या गटाकडे आहे. साहित्याची अडचण नाही. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्यांनी मानसिक आजार कसे हाताळायचे हे सांगणारी जागतिक आरोग्य संघटनेची एमएचगॅप मार्गदर्शिका आहे, नैराश्य तपासायची पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. लक्षणं सगळ्यांची पाठ होतात. घोडं अडतं ते पेशंट समोर बसल्यावर.

पेशंट 'मी उदास आहे' म्हणून येतच नाही. अंग दुखतं, झोप लागत नाही, गळून गेल्यासारखं होतं, एवढंच सांगतो. रक्त तपासलं जातं, टॉनिक लिहून दिलं जातं आणि गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागलं का, हे विचारायचं राहून जातं.

आत्महत्येबद्दल विचारणं तर त्याहून अवघड. सरावात एका डॉक्टरांनी पेशंटच्या भूमिकेतल्या सिस्टरना विचारलं, "तसले काही विचार येत नाहीत ना?" त्या लगेच "नाही" म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, "सर, हो म्हणायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत." थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, हे डॉक्टरांना माहीत होतं. तरी जीभ रेटेना.

स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये तिथल्या डॉक्टरांना असं प्रशिक्षण दिलं होतं. त्यानंतर आत्महत्या घटल्या, पण काही वर्षांत तो परिणाम ओसरला. इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या अभ्यासात तर प्रशिक्षण डॉक्टरांना आवडलं, पण नैराश्य ओळखण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. त्यामुळे एकदा शिकवून मोकळं होण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत झालंय.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारायचंय: प्रशिक्षणानंतर केसवरची चर्चा कशी चालू ठेवता? मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष येणं जमत नसेल तर फोनवर भागतं का? औषधाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि नेमके त्याच काळात पेशंट गोळ्या सोडतात. हा पाठपुरावा नर्सकडे सोपवून कुणाला फरक दिसलाय का? आणि औषध सुरू करण्याआधी पूर्वी कधी उन्मादाचा (मॅनिया, म्हणजे अतिउत्साहाचा आजार) झटका आला होता का, हे न चुकता विचारायची सवय कशी लावलीत?

सरावासाठी वापरलेले संवाद असतील तर पेशंटची ओळख काढून इथे टाका. आत्महत्येबद्दलचा प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत विचारायला शिकवता, ते आधी सांगितलंत तर फार मदत होईल.